उत्तर कोणत्या बाजूने येते? लाइव्ह लूपिंग आणि स्टिरिओ ध्वनी

कलावंत मंचावरच एखादी ओळ ध्वनिमुद्रित करतो, ती यंत्राकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेतो आणि त्यावर पुढचे गायन-वादन करतो, याला लाइव्ह लूपिंग म्हणतात. तंत्र नवे असले तरी त्यामागची गरज जुनी आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांच्या पंडवानीचे चित्रीकरण पाहा. हाती तंबुरा घेऊन त्या उभ्याने महाभारतातील प्रसंग सांगतात. बाजूला बसलेला रागी हुंकार देतो, ओळीचा शेवट उचलतो, प्रश्न विचारतो. कथा एका जागेवरून येते, उत्तर दुसऱ्या जागेवरून. म्हणून दोन्ही आवाज वेगळे कळतात.

लूपिंगमध्ये रागीची जागा यंत्र घेते. 1963 साली पॅरिसमध्ये टेरी रायली यांनी चेट बेकर यांच्या वादनासाठी एकच फीत दोन टेपरेकॉर्डरांवरून नेली. पहिल्यावर मुद्रण होई, दुसऱ्यावर ते वाजे आणि तो आवाज पुन्हा पहिल्याकडे जाई. फितीचा वेग सेकंदाला 19 सेंटिमीटर आणि यंत्रांतील अंतर 95 सेंटिमीटर असेल, तर आवाज 5 सेकंदांनी परत येतो. 1972-73 मध्ये ब्रायन ईनो व रॉबर्ट फ्रिप यांनी हीच पद्धत गिटारसाठी वापरली.

येथे गल्लत करू नका: दोन यंत्रे म्हणजे स्टिरिओ नव्हे. स्टिरिओत दोन वाहिन्यांतील फरकामुळे आवाजाची जागा कळते. ॲलन ब्लमलीन यांनी इंग्लंडमध्ये 1931 सालीच यासाठी पेटंटचा अर्ज केला होता. पुढे लूपिंग पायाखालच्या पेडलमध्ये आले. पेडलला एकच आउटपुट असेल, तर सगळे थर एका जागी साचतात आणि त्यांत प्रत्यक्ष गाणारा आवाज हरवतो.

मग मांडणी कशी करावी? मायक्रोफोन मिक्सरला जोडून त्याचा आवाज मध्यभागी ठेवा. दोन ऑक्स मार्गांनी तो लूपरच्या डाव्या व उजव्या इनपुटला पाठवा. जो मार्ग उघडाल, त्या बाजूला थर बसेल. लूपरची दोन आउटपुट मिक्सरच्या दोन वाहिन्यांत परत आणा आणि त्या डावी-उजवीकडे वळवा. या वाहिन्यांचे ऑक्स मात्र बंद ठेवा, नाहीतर आवाज फिरत राहून शिट्टी वाजेल. लूपरमधून थेट जाणारा आवाजही बंद करा.

आणखी एक अडचण श्रोत्यांच्या जागेची. हेल्मुट हास यांनी 1949 साली दाखवून दिले, की तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित अंतराने आला, तर कान आधी आलेल्या आवाजाचीच दिशा धरतो. कडेला बसलेल्याला जवळचाच स्पीकर ऐकू येतो. म्हणून ताल आणि षड्ज दोन्ही स्पीकरांत सारखे द्या. बाजूंना फक्त पूरक थर ठेवा.

स्टिरिओमुळे यंत्राला रागीसारखी वेगळी जागा मिळते. पण रागी कथा ऐकून पुढचे उत्तर बदलतो, यंत्र तसे करत नाही. लूप कधी थांबवायचा, हे ऐकून ठरवणे म्हणूनच कलावंताकडे राहते.