एक मोहोर, एक गुण

एखाद्या राज्याचा किंवा घराण्याचा इतिहास वाचतांना आपण त्याच्या वैभवाच्या काळाकडे प्रथम धांव घेतों आणि आरंभींच्या विपन्नावस्थेचीं पानें भरभर उलटून टाकतों. खेळांचा इतिहास लिहिणारेही बहुधा तसेंच करितात. पण ज्या खेळाविषयीं आम्ही आज चार शब्द लिहिणार आहोंत, त्याचें सारें मर्म आरंभींच्या दारिद्र्यांतच आहे.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत लेक जिनीव्हा नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटांतील डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरांत तरुण मुलें आहेत त्यांच्या कानांवर हें नांव गेलें असेल. इतरांसाठीं थोडें स्पष्टीकरण अवश्य आहे. ह्या खेळास पट नसला तरी चालतो. चार मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो. भुयारें, त्यांत दबा धरून बसलेले राक्षस आणि पुरलेलें धन ह्यांचा नकाशा त्याच्यापाशीं गुप्त असतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक, आणि आपलें पात्र काय करीत आहे हें तोंडानें सांगतात. संशयाच्या ठिकाणीं निकाल फांसा देतो. आपल्या सोंगट्यांप्रमाणें येथें पट संपत नाहीं. पात्र जगलें तर पायरीपायरीनें बलिष्ठ होत जातें. नाहीं तर मरतें, आणि खेळणारा नवें पात्र घेऊन पुन्हां पहिल्या पायरीवर उभा राहतो.

खेळाचे कर्तेही त्या वेळीं पहिल्याच पायरीवर उभे होते. गायगॅक्स हा विमा कंपनींत कामाला होता. १९७० सालीं ती नोकरी सुटली आणि तो घरीं जोडे दुरुस्त करून संसार चालवूं लागला. १९७३ सालीं त्यानें डॉन के ह्या बालमित्राबरोबर एक लहानशी मंडळी काढली, पण नवा खेळ छापण्यापुरतें भांडवल दोघांपाशींही नव्हतें. म्हणून इंग्लंडांतील यादवी युद्धावरील, शिशाच्या शिपायांनिशीं खेळावयाच्या एका खेळाची पुस्तिका त्यांनीं आधीं काढून पाहिली. तिचें उत्पन्न पुरेना. तेव्हां ब्रायन ब्लूम नांवाचा तिसरा भागीदार दोन हजार डॉलर घेऊन आला, आणि तीन पुस्तिकांच्या एक हजार पेट्या निघाल्या. त्या घरींच हातांनीं भरल्या जात. वर्षाच्या आंत त्या खपल्या. डॉन के मात्र १९७५ सालींच वारला. पुढची भरभराट पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

आतां ह्या खेळांतील नवख्या पात्राची स्थिति पाहावी. तीन फांसे टाकून येणाऱ्या बेरजेची दसपट इतक्या सुवर्णमुद्रा त्याला मिळतात. म्हणजे कमींत कमी ३० आणि फार झाल्या तर १८०. पत्र्याचें चिलखत ५० मोहरांस, तरवार १० ला, ढाल १० ला, शिरस्त्राण १० ला. ज्याच्या वांट्याला साठच मोहरा आल्या त्यानें चिलखत आणि तरवार घेतली कीं मशालीला पैसा उरत नाहीं. आणि भुयारांत अंधार असतो! प्राणबळाची गोष्ट तर याहून बिकट. मांत्रिकाला सहा अंकांच्या एका फांशावर जें दान पडेल तेवढेंच तें. शत्रूचा घावही तसल्याच एका फांशानें मोजावयाचा. तात्पर्य, पहिल्या पायरीवरील मांत्रिक एका घावांत मरूं शकतो, आणि त्याच्यापाशीं मंत्र असतो एकच.

असल्या दुबळ्या प्राण्यानें बलवान् व्हावें कसें? ह्या प्रश्नास त्या पहिल्या पुस्तिकांनीं दिलेलें उत्तर आम्हांस विलक्षण वाटतें. भुयारांतून मिळविलेल्या प्रत्येक मोहरेमागें अनुभवाचा एक गुण! गुणांची ठराविक बेरीज झाली कीं पात्र पुढच्या पायरीवर जातें. राक्षस मारल्याबद्दलही गुण होते, पण प्रमाण पाहावें. पुस्तिकेंतीलच उदाहरण घेतलें तर सात हजार मोहरांवर पहारा करणारा राक्षस मारून तें धन नेलें असतां धनाचे ७,००० गुण आणि वधाचे अवघे ७००. पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं, निघालेल्या पुरवणींत वधाचे गुण आणखी उतरविले. योद्ध्याला दुसऱ्या पायरीस २,००० गुण लागतात; ऑर्क नांवाचा साधा राक्षस मारल्यास आतां १० मिळूं लागले. दोनशें ऑर्कांशीं झुंजणें, अथवा ते निजलेले असतां दोन हजार मोहरांची एक पेटी उचलून आणणें, दोहोंचें फळ एकच. मग झुंजावें कोणी?

ह्या एका नियमानें शौर्याची व्याख्याच पालटली. जाणता खेळणारा लढाई टाळूं लागला. एका मोहरेला मिळणारी दहा फूट लांबीची काठी तरवारीहून मोलाची ठरली, कारण पुढची फरशी ठोकून पाहतां येते. शंभर मोहरा देऊं करून भाडोत्री सोबती मिळवावे, आणि वीस मोहरांचें खेंचर घ्यावें, कारण सोन्याला वजन असतें. पुस्तिकांत ओझें मोहरांच्याच वजनानें मोजलें आहे. जो लोभानें अधिक उचलतो त्याची चाल मंदावते, आणि मंद चालणारा पकडला जातो. पळून जाण्याचेही नियम आहेत, आणि ते फार मार्मिक आहेत. पाठलाग होत असतां अन्न टाकलें तर बुद्धिहीन प्राणी बहुधा थांबतो. बुद्धिमान् शत्रु मोहरा टाकल्या तर थांबतो. शिर सलामत तर पगड्या पचास, ही म्हण आपल्याकडे पुष्कळदां भित्र्याला टोमणा मारण्यासाठीं वापरतात. येथें ती राजनीति होती.

ह्या नियमावर आक्षेपही झाले, आणि ते सकृद्दर्शनीं सयुक्तिक आहेत. मोहोर हातीं आल्यानें तरवारीचा हात कसा सुधारतो? योद्ध्यानें तालीम करावी, मांत्रिकानें पोथ्या वाचाव्या, हें नैसर्गिक नव्हे काय? १९७९ सालच्या सूत्रधाराच्या ग्रंथांत गायगॅक्सनें ह्याचें उत्तर दिलें आहे. त्याचा आशय असा कीं, तसें करणें अधिक वास्तव होईल हें खरें, पण त्यानें खेळ रंगणार नाहीं. हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. परीक्षेंत ज्या भागाला गुण असतात तेवढाच भाग विद्यार्थी वाचतात, हें अध्यापनाच्या व्यवसायांत आयुष्य घालविलेल्यास सांगावयास नको. गुण कशाला मिळतात ह्यावर मनुष्य कसा वागेल हें ठरतें, आणि ह्या नियमानें खेळणाऱ्यांस विवेकाकडे वळविलें. त्याच ग्रंथांत आणखी दोन अटी आहेत. धन भुयाराबाहेर प्रत्यक्ष आणलें पाहिजे, तरच तें गुणांत धरावयाचें. आणि गुण भरले तरी शिक्षकापाशीं राहून विद्या घेतली पाहिजे, जिची फी दर आठवड्यास पायरीच्या अंकाच्या दीड हजारपट मोहरा इतकी जबर आहे. संपत्ति मिळवावी, तिचें बळ करावें, आणि पुन्हां जवळजवळ रिकाम्या हातांनीं अंधारांत उतरावें, असा तो क्रम होता.

तो क्रम संगणकानें मोडला. १९८१ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतील अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड ह्या दोघांचा ‘विझर्ड्री’ हा खेळ निघाला. सहा जणांची टोळी आणि दहा मजल्यांचें भुयार, सांकडें तेंच. मेलेल्या सोबत्याला देवालयांत दक्षिणा भरून उठवितां येई, पण विधि फसला तर त्याची राख होई, आणि पुन्हां फसला तर तो कायमचा गेला. मात्र यंत्राला युक्तिवाद ऐकतां येत नाहीं. काठीनें फरशी ठोकतों, पहारेकऱ्याला लांच देतों, हें त्याला कोणी सांगावें? त्याला मोजतां येत होते वध, म्हणून अनुभवाचे गुण वधाला मिळूं लागले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पहिल्याच मजल्यावर, फारसा अपाय न करणारें एक भूत ठराविक जागीं भेटतें. लोक त्यालाच शेंकडों वेळां मारीत बसले. धनासाठींही एक नामी शक्कल निघाली. नवीं पात्रें निर्माण करावीं, त्यांच्या खिशांतील आरंभींच्या मोहरा आपल्या माणसांकडे वळवाव्या, आणि त्या बिचाऱ्यांस पुसून टाकावें!

जपानांत यूजी होरीई ह्यानें १९८६ सालीं ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ रचला, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें ‘विझर्ड्री’ होती. राजा नायकाला १२० मोहरा देतो. तांब्याची तरवार १८० ला आहे. गांवाबाहेर क्षुद्र जंतु मारीत थेंबे थेंबे तळें सांचवावें, हाच मार्ग. मेल्यास निम्मी पुंजी जाते, अनुभव मात्र शाबूत राहतो. लहान मुलांसाठीं ही योजना दयाळू आहे, आणि तिनें जपानांतील घरोघरीं हा खेळ नेला हेंही नाकबूल करतां येत नाहीं. पण येथें चिकाटी असली कीं पुरतें. भीति नाहीं, म्हणून शहाणपणाचीही गरज नाहीं. मूळ अमेरिकन खेळांतही १९८९ च्या आवृत्तींत मोहरेचा गुण ऐच्छिक झाला, आणि २००० सालच्या आवृत्तींतून तो नाहींसा झाला.

ह्यानंतर, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, ती जुनी सांगड एका जपानी मंडळीनें पुन्हां घातली. हिदेताका मियाझाकी ह्याच्या ‘डीमन्स सोल्स’ (२००९) व ‘डार्क सोल्स’ (२०११) ह्या खेळांत मारलेल्या शत्रूचे आत्मे हेंच चलन. त्यांनीं शस्त्र विकत घ्यावें, अथवा त्यांनींच अंगचें बळ वाढवावें. एकदां खर्चिले कीं दुसऱ्या कामाला नाहींत. मेल्यास सारी पुंजी मेल्या जागीं पडून राहते, आणि तेथवर पोंचण्यापूर्वीं पुन्हां मृत्यु आला तर ती गेलीच. ‘डार्क सोल्स’च्या आरंभीं एका पडक्या देवळाशेजारीं दफनभूमि आहे. तेथें एक अवाढव्य तरवार पडलेली असते, आणि भोंवतालचे सांगाडे नवख्याच्या आवांक्याबाहेरचे असतात. ती दोन हातांनीं धरली तरी १६ बळ लागतें, आणि आरंभींच्या कोणत्याही पात्रापाशीं तेवढें नसतें. तरी जाणते लोक तिकडे अगदीं प्रथम जातात. एकही आत्मा गांठीं नसतांना, सांगाड्यांकडे न पाहतां धांवत सुटावें आणि तरवार उचलावी. मागून घाव बसून प्राण गेला तरी उचललेली वस्तु आपलीच राहते, आणि गमावण्यासारखें तर त्या वेळीं जवळ कांहींच नसतें.