तिर्रट : तीन पानांचा डाव, त्याचा हिशेब आणि त्याचा कायदा

जुगाराच्या इतिहासावर व्याख्यान म्हटलं की वक्ता द्यूतपर्वापासून सुरुवात करतो आणि पाऊण तास तिथंच अडकतो. मी तिकडे जाणार नाही. मला नांदेड आणि लातूरबद्दल बोलायचंय आणि एकाच शब्दाबद्दल बोलायचंय : तिर्रट.

आपल्याकडचं कुठलंही स्थानिक वर्तमानपत्र उघडा. आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते. अमुक शिवारात, झाडाखाली, काही इसम गोलाकार बसून तिर्रट नावाचा जुगार खेळत असताना मिळून आले. रोख रक्कम, मोबाइल, दुचाक्या असा मुद्देमाल जप्त. पोळ्याच्या आणि दिवाळीच्या आसपास अशा बातम्या वाढतात. पण तिर्रट म्हणजे नेमकं काय, तो खेळतात कसा, आला कुठून, हे त्या बातमीत कधीच नसतं. जणू वाचकाला ते ठाऊक आहेच. आणि खरं सांगायचं तर, बहुतेकांना ते ठाऊक असतंच.

शहरात ज्याला तीन पत्ती किंवा फ्लश म्हणतात, तोच हा खेळ. जगाच्या पाठीवर बघितलं तर हा पोकरचा भाऊबंद आहे, आणि धाकटा नव्हे. इंग्लंडमध्ये ‘ब्रॅग’ नावाचा तीन पानांचा खेळ होता. पत्त्यांच्या नियमांसाठी ज्याचं नाव आजही घेतात त्या एडमंड हॉइलनं १७५१ मध्ये ब्रॅगवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पोकरचं पहिलं वर्णन मिळतं ते १८२९ च्या सुमाराचं, मिसिसिपी नदीवरच्या बोटींवरचं, आणि तेही अवघ्या वीस पानांच्या खेळाचं. म्हणजे पोकर जन्मायच्या आधी पाऊणशे वर्षं ब्रॅगचे नियम छापून झाले होते. हॉइलच्या काळातल्या ब्रॅगमध्ये काही ठरावीक पानं कोणत्याही पानाच्या जागी चालत. आपली पोरं दिवाळीत ‘एके सत्तेचाळीस’ खेळतात, एक्का, राजा, चौका, सत्ता हे सगळे जोकर, आणि त्यांना वाटतं हे आपणच काढलं. तसं नाही.

इथं तो आला कसा? त्याआधी आपल्याकडे पत्ते नव्हते असं नाही. गंजिफा होती. गोल पानं, मुघल गंजिफेत आठ रंगांची ९६ आणि दशावतारी गंजिफेत दहा रंगांची १२०. सावंतवाडीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण नांदेडच्या शेजारच्या निर्मळलाही ही पानं रंगवली जात. गंजिफा हा हात करण्याचा, म्हणजे पानावर पान टाकून डाव जिंकण्याचा खेळ. कोणतं पान पडून गेलं हे डोक्यात ठेवायचं, ही त्याची सगळी विद्या. हातात काहीच नसताना सगळं असल्यासारखं दाखवायचं, ही विद्या तिच्यात नाही. ती इंग्रजी पत्त्यांबरोबर आली.

मला त्या पत्त्यांची सर्वांत जवळची वाट छावण्यांची वाटते. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी हैदराबाद कंटिन्जंट ही फौज १९०३ पर्यंत होती. तिच्या छावण्यांपैकी एक हिंगोलीला, म्हणजे नांदेडच्या उशाला. दुसरी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, लातूरच्या उशाला. छावणीत मेस असते, मेसमध्ये पत्ते असतात, आणि पत्ते वाढणारा, दिवे लावणारा माणूस इथला असतो. मग रेल्वे आली. सिकंदराबाद-मनमाड लाइन नांदेडवरून १९०० च्या सुमारास सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. कापूस, जिनिंग, आडत, आणि गाडीची वाट बघत बसलेली माणसं. वेळ आणि रोकड एकाच ठिकाणी जमली की ५२ पानांचा कॅट तिथं पोहोचायला वेळ लागत नाही.

आता खेळ. नियम पाच मिनिटांत सांगून होतात. प्रत्येकानं मध्ये ठरलेली रक्कम टाकायची, तिला बूट म्हणतात. कॅट पिसायचा, काटायचा, प्रत्येकाला तीन तीन पानं उपडी वाटायची. ज्यानं पानं उचलून पाहिली नाहीत तो ब्लाइंड. पाहिली तो सीन. आणि सगळा खेळ ज्या एका नियमावर उभा आहे तो हा, की सीनची चाल ब्लाइंडच्या दुप्पट. ब्लाइंडनं दहा टाकले तर पानं पाहिलेल्यानं वीस टाकायचे, किंवा पॅक म्हणून पानं खाली ठेवायची. दोघंच उरले की शो मागता येतो. तिघं किंवा जास्त असतील तर सीन खेळाडू आपल्या आधीच्या सीन खेळाडूला साइड शो मागू शकतो. दोघांनीच एकमेकांची पानं बघायची, हलका निघेल त्यानं उठायचं, आणि पानं अगदी सारखी निघाली तर मागणारा हरतो.

पानांची उतरंड अशी : सगळ्यांत वर ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं. मग एकाच रंगाची सलग तीन, पक्की रन. मग साधी रन, मग कलर, मग जोडी, आणि काहीच नसेल तर वरचं पान. एक्का-दुर्री-तिर्री ही रन राजा-राणीच्या वर की खाली, हे गावागणिक बदलतं. बसायच्या आधी विचारून घ्यायचं असतं. भांडणं बहुधा त्यावरूनच होतात. (हशा.)

इथं थोडं थांबतो, कारण ही उतरंड स्वतःच इतिहासाचा कागद आहे. ५२ पानांतून तीन पानांचे हात निघतात २२,१००. त्यात ट्रेल ५२, पक्की रन ४८, रन ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४ आणि उरलेले १६,४४० हात म्हणजे नुसतं वरचं पान. पोकर शिकलेला माणूस इथं हमखास चुकतो. पाच पानांत कलर दुर्मीळ, म्हणून तिथं तो साध्या रनच्या वर. तीन पानांत रन दुर्मीळ, म्हणून आपल्याकडे ती कलरच्या वर. हिशेबाला धरून आहे. पण मग ट्रेल? ट्रेल ५२ आणि पक्की रन ४८. हिशेबानं पक्की रन वर हवी. ती नाही, कारण जुन्या ब्रॅगमध्ये तीन सारखी पानं हाच सर्वोच्च हात होता. रन आणि कलर नंतर खेळात शिरले आणि त्यांना त्याच्या खाली जागा मिळाली. म्हणजे लोह्याच्या नाहीतर औशाच्या शिवारात कुणी तीन एक्के दाखवून गल्ला ओढतो, तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीचा मान चालू असतो. गणिताला तिथं कुणी विचारलेलं नाही.

या आकड्यांतून डावपेचही निघतात. दर चार हातांतले जवळपास तीन हात रिकामे. सगळे २२,१०० हात चढत्या क्रमानं लावले तर अगदी मधला हात राजा वरचं पान असलेल्या हातांत पडतो. नवशिका राजा बघून तोंड पाडतो. दोघंच उरले असतील तर तो पडायचं कारण नसतं. पण पाच जण असतील तर त्यांच्यात कुणाकडे तरी जोडी किंवा वरचं काही असण्याची शक्यता चारांत तीन. तेच पान, तोच राजा, माणसं वाढली की त्याची किंमत जाते. ब्लाइंड खेळण्याचा फायदा दोन प्रकारचा : अर्ध्या पैशात टिकता येतं, आणि आपलीच पानं आपल्याला माहीत नसल्यामुळे चेहऱ्यावर काही वाचता येत नाही. तोटा एकच, पण मोठा. सोडून द्यायचा हातही आपण ओढत राहतो. म्हणून जाणते लोक एखाद-दोन फेऱ्या ब्लाइंड जातात आणि मग पानं उचलतात. शेवटपर्यंत ब्लाइंड जाणारा हा बहुधा हरलेला आणि वसुलीला बसलेला माणूस असतो. हा खेळ कुणी शिकवत नाही. मागे बसून, दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून तो शिकला जातो. त्यामुळे नियम तेवढे लवकर येतात आणि उठायचं केव्हा, ते कळायला फार वर्षं लागतात. तोवर पैसे गेलेले असतात.

आता कायदा. नांदेड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्वतंत्र लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. दोन्हीकडे हैदराबादचा जुगार कायदा चाले, १३०५ फसलीचा दुसरा, म्हणजे इसवी सन १८९५-९६ चा. या कायद्याखालचा सर्वांत गाजलेला खटला नांदेडचा नाही, सिकंदराबादचा आहे. पण कलमं तीच. मे १९६३ मध्ये तिथल्या क्राउन क्लबवर छापा पडला. माणसं पैसे लावून रमी खेळत होती. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, उच्च न्यायालयानं सोडलं, आंध्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालात रमी सुटली : कोणतं पान पडलं हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून त्यात कौशल्य प्रधान. बघा, गंजिफेची जुनी विद्याच इथं कामाला आली.

पण त्याच निकालात, जाता जाता, आपल्या खेळाचं भवितव्य ठरलं. फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा आहे, असं न्यायालयानं म्हटलं. रमी कशी वेगळी हे दाखवायला शेजारी काहीतरी ठेवावं लागतं, ते तिर्रट ठेवलं. माझं प्रामाणिक मत असं, की रमीबद्दल न्यायालय बरोबर होतं आणि फ्लशबद्दल घाईत होतं. पानं नशिबानं येतात हे खरं. पण केव्हा टिकायचं, केव्हा सोडायचं, समोरच्याची चाल कशी वाचायची, हे नशीब नव्हे. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात ब्रिज, रमी यांच्या जोडीला पोकरलाही जुगारातून वगळलेलं आहे. म्हणजे साहेबाचा पाच पानांचा खेळ कलकत्त्यात मोकळा, आणि त्याचा तीन पानांचा थोरला भाऊ आपल्याकडे गुन्हेगार.

असं म्हटलं म्हणजे मी अड्ड्यांची वकिली करतोय असं कुणी समजू नये. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. खेळ कौशल्याचा असला तरी जागेचा मालक जर त्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, असं तिथं सांगितलंय. या नफ्याला आपल्याकडे शब्द आहे : नाल. दर डावाच्या गल्ल्यातून अड्डेवाला कापून घेतो ती रक्कम. आता हिशेब करू. समजा पाच जण चारशे चारशे घेऊन बसले, एकूण दोन हजार. सरासरी गल्ला दोनशेचा, नाल दहा रुपये. तासाला तीस डाव होतात. दोनशे डावांत, म्हणजे सात तासांच्या आत, दोनचे दोन हजार नालेत गेले. कौशल्य असो, नशीब असो, पाचही जण मोकळ्या खिशानं उठणार. मध्ये कुणी जिंकला असेल तर तो दुसऱ्याच्या आधी नव्हे, दुसऱ्याच्या नंतर रिकामा होतो इतकंच. सोयाबीनची पट्टी घेऊन आडतीवरून परस्पर इकडे वळलेल्या माणसाला समोरच्या खेळाडूची भीती वाटते. त्याला लुटतो तो खेळायलाच बसलेला नसतो.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबईचा १८८७ चा कायदा इकडे लागू झाला. आज त्याचंच नाव महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा. त्यात अड्डा चालवणाऱ्यासाठी कलम ४, अड्ड्यात सापडणाऱ्यासाठी कलम ५, आणि उघड्यावर, सार्वजनिक जागी खेळणाऱ्यासाठी कलम १२. निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ नं सूट आहे, पण १९६७ नंतर तिर्रटवाल्याला ते दार बंद. बातम्यांत वारंवार दिसतं ते १२ (अ), म्हणजे झाडाखाली बसलेला. ज्याच्याकडे खोली, पंखा आणि राखणदार आहे त्याच्यासाठीचं कलम ४ त्या मानानं क्वचित वाचायला मिळतं. नालेचा हिशेब आठवला की हे उलटं वाटतं.

यात मोबाइल आल्यावर रमीच्या कंपन्यांनी त्या १९६७ च्या निकालाचाच आधार घेऊन धंदा उभा केला. सिकंदराबादच्या एका क्लबात बसलेल्या काही माणसांसाठी लिहिलेली ओळ लाखो फोनपर्यंत गेली. तिथं नाल कापणारा माणूस दिसतही नाही, डाव तासाला तीस नव्हे, कितीतरी जास्त होतात. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, कौशल्याचा असो की नशिबाचा. फोनवरची रमी आणि फोनवरचं तिर्रट आता एका ओळीत बसले. शिवारातल्या डावाला मात्र तो कायदा लागत नाही. तिथं अजून १८८७ च चालू आहे.