मोहाची दारू

मोहाची दारू हे मोह (शास्त्रीय नाव: मधुका लॉन्गिफोलिया) या वृक्षाच्या फुलांपासून काढले जाणारे ऊर्ध्वपातित मद्य आहे. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड व ओडिशा या राज्यांतील आदिवासी समाजांत ते परंपरेने तयार केले जाते. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, पालघर आणि ठाणे या जिल्ह्यांबरोबरच रायगड जिल्ह्यातील पनवेल-उरण परिसराशीही या मद्याचा जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात उरण हे मुंबई शहराला मोहाची दारू पुरवणारे प्रमुख केंद्र होते.

वृक्ष व फुले

मोह हा सॅपोटेसी कुलातील, म्हणजे चिकूच्या कुलातील, मोठा पानझडी वृक्ष आहे. संस्कृतमध्ये त्यास मधूक म्हणतात. फाल्गुन-चैत्रात (मार्च-एप्रिल) पाने गळल्यावर त्यास फुलांचे घोस येतात. फुलांच्या मांसल, फिकट पिवळसर पाकळ्या पहाटे गळून पडतात व सकाळी झाडाखालून वेचल्या जातात. वेचणीचे काम मुख्यत्वे स्त्रिया व मुले करतात. उन्हात वाळवलेली फुले मनुकांसारखी दिसतात आणि कोरडी ठेवल्यास पुढील हंगामापर्यंत टिकतात. त्यांच्या वजनाचा मोठा भाग साखरेचा असल्याने ती भाजून, उकडून वा भाकरीच्या पिठात मिसळून खाल्ली जातात. दुष्काळात ती गरिबांचे अन्न ठरली आहेत. बियांपासून तेल काढतात. बियांना टोळंबी असे नाव आहे.

निर्मिती

वाळलेली फुले पाण्यात भिजवून मडक्यात झाकून ठेवतात. फुलांवरील नैसर्गिक यीस्टमुळे किंवा आधीच्या आंबवणाचा थोडा भाग मिसळल्याने किण्वन सुरू होते. हवामानानुसार त्यास साधारण चार ते आठ दिवस लागतात. या आंबवणास विदर्भात सडवा म्हणतात. धान्यापासून मद्य करताना आधी पिष्टाचे साखरेत रूपांतर करावे लागते. मोहफुलात साखर आयतीच असल्याने ही पायरी लागत नाही.

आंबवण भट्टीवरील मडक्यात तापवतात. मद्यार्काचा उत्कलनबिंदू (७८° सेल्सिअस) पाण्याहून कमी असल्याने वाफेत त्याचे प्रमाण अधिक असते. ही वाफ थंड पाण्याने गार ठेवलेल्या भांड्यात वा नळीत निवून थेंब-थेंब जमा होते. आरंभी येणारा अंश सर्वांत तीव्र असतो. मराठीतील ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग यावरूनच आला. पुढे धार सौम्य होत जाते व अनेक ठिकाणी दोन्ही एकत्र करून पिण्याजोगी दारू तयार करतात. त्यामुळे घरगुती मद्याची तीव्रता प्रत्येक भट्टीगणिक बदलते.

इतिहास

चरकसंहितेत मोहाच्या फुलांपासून केलेल्या मधूकासवाचा औषध म्हणून उल्लेख आहे. मात्र आसव हे केवळ किण्वित पेय असून त्याचे ऊर्ध्वपातन होत नाही.

उरण व पनवेल

ब्रिटिश काळात उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा होता. १८८३ पर्यंत पनवेल ठाणे जिल्ह्यात होते; नंतर ते कुलाबा (सध्याचा रायगड) जिल्ह्यात आले. उरण येथील भट्ट्या मुख्यतः पारशी व्यापाऱ्यांच्या होत्या. मोहाची फुले दूरवरून आणली जात आणि तयार दारू मोरा बंदरातून जलमार्गाने मुंबईस जात असे. खाडीपलीकडची मोठी बाजारपेठ आणि सोयीचे बंदर यांमुळे हा उद्योग येथे वाढला.

अबकारी कायदे

चार्ल्स प्रिचर्ड यांच्या पुढाकाराने झालेल्या १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून निर्मिती परवानाधारक मध्यवर्ती भट्ट्यांकडे वळवली. सरकारी महसूल वाढला, पण आदिवासींना स्वतःच्या झाडाच्या फुलांची दारू मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागू लागली. घरगुती निर्मिती मात्र पूर्णपणे थांबली नाही. म्हणून १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध आणले. हीच फुले अन्न व गुरांचे खाद्य असल्याने या कायद्याची झळ दारू न गाळणाऱ्यांनाही बसली.

दारूविरोधी लोकचळवळीही याच समाजांतून उभ्या राहिल्या. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत सुरू होऊन १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवी चळवळीत आदिवासींनी दारू सोडण्याचा निश्चय केला व पारशी दुकानदारांवर बहिष्कार टाकला.

स्वातंत्र्योत्तर काळ

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी आली. पुढे ती टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. १९७३ च्या नियमांनुसार परवानाप्राप्त ‘देशी दारू’ बाजारात आली, पण ती प्रामुख्याने उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या मद्यार्कापासून बनते. अशा रीतीने बंदी उठूनही मोहाची दारू कायद्याच्या बाहेरच राहिली. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली व २०२१ मध्ये उठवण्यात आली. २०२१ मध्येच महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. विनापरवाना दारू गाळणे मात्र गुन्हाच आहे.

समाजजीवनातील स्थान

वारली, कातकरी, ठाकर, गोंड, भिल्ल इत्यादी समाजांत जन्म, लग्न, अंत्यविधी व सण या प्रसंगी मोहाच्या दारूस स्थान आहे. पिण्यापूर्वी काही थेंब जमिनीवर सांडून देव व पूर्वजांना अर्पण करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. पनवेल तालुक्यात कर्नाळ्याचे जंगल व माथेरानचा पायथा या भागांत कातकरी व ठाकरांच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक आहे. या समाजात व्यसनाधीनता व कर्जबाजारीपणा ही गंभीर समस्या आहे, आणि परंपरेतील प्रासंगिक सेवन व रोजचे व्यसन यांतील अंतर त्या संदर्भात महत्त्वाचे ठरते.

आस्वाद

मोहाची दारू रंगहीन असते. तिला मोहफुलांचा गोडसर, दरवळणारा वास असतो. लाकडाच्या चुलीवर गाळली असल्यास धुराची छटाही येते. परंपरेने ती पळसाच्या पानांच्या द्रोणातून, काही न मिसळता किंवा पाणी घालून पितात. सोबत सुकी मासळी, भाजलेले चणे असे पदार्थ असतात. अलीकडे लिंबू व आले घालून मिश्र पेयांतही ती वापरली जाते.

युरोपातील द्राक्षमद्याशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. सर्बियातील लोझोवाचा हे द्राक्षांपासून गाळलेले मद्य आहे. तेथेही ते घरोघरी गाळण्याची परंपरा आहे आणि मुळात तेही रंगहीनच असते. ओकच्या पिंपात काही वर्षे ठेवल्यास लाकडातील टॅनिन व व्हॅनिलिन त्यात उतरतात, रंग सोनेरी होतो व धार मवाळ होते. असे जुने मद्य छोट्या पेल्यात, बर्फ न घालता, आधी वास घेऊन घोटाघोटाने पितात. मोहाची दारू सहसा मुरवली जात नाही, ताजीच पितात; त्यामुळे तिच्यात लाकडापेक्षा फुलाचा गंधच प्रधान राहतो.

आरोग्य व भेसळ

गावठी दारूच्या विषबाधेत मिथेनॉल हे मुख्य कारण असते. ते बहुधा मोहफुलांतून येत नाही, तर औद्योगिक मद्यार्काच्या भेसळीतून येते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूमुळे शंभरहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मिथेनॉलचा वास व चव साध्या मद्यार्कासारखीच असल्याने ते पिणाऱ्यास ओळखता येत नाही. अंधुक दिसणे, उलट्या व श्वास लागणे ही लक्षणे काही तासांनी दिसतात. अशा वेळी रुग्णास तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. हातभट्टीच्या दारूत मोहाऐवजी काळा गूळ व नवसागर वापरल्याचेही आढळते. शुद्ध असली तरी अतिसेवनाने यकृताचे विकार व व्यसन हे धोके कायम राहतात.

व्यावसायिक निर्मिती

२०१८ मध्ये गोव्यात देझमंड नाझारेथ यांच्या कंपनीने बाटलीबंद मोहाचे मद्य बाजारात आणले. मध्य प्रदेशाने २०२२ च्या सुमारास मोहाच्या दारूस ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देऊन आदिवासी बचत गटांना निर्मितीची संधी दिली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. मोहाच्या दारूलाही तसाच वारशाचा दर्जा मिळावा, या मागणीत तिचे उदाहरण दिले जाते. फुले वेचणाऱ्यांना या व्यवसायात कच्च्या मालाच्या विक्रीपलीकडे वाटा मिळेल का, हा या धोरणांतील मुख्य प्रश्न आहे.

हे सुद्धा पहा

मोह (वृक्ष)
फेणी
ताडी
कातकरी
उरण
महाराष्ट्रातील दारूबंदी