मुसळ आणि मूठ

ब्रिटिश अमदानीत भंडारा जिल्ह्याची तहसील असलेल्या आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या तिरोड्याच्या मुलुखात गिरण्या येण्यापूर्वी धान कांडण्याचे काम घरोघरी बायकांच्या मुठींवर चाले. मुसळाच्या खालच्या टोकास लोखंडी कडे असे. मधला भाग तळहातांनी घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला असे. शिवाय रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून मुठीमुठीने पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटणे होतेच.

या कष्टांनी स्नायू कमावले जात; आणि जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर मुख्यत्वे स्नायूच शोषून घेतात. ते क्षीण झाले की पोटाचा घेर, रक्तदाब आणि साखर एकमेकांच्या हातात हात घालून वाढू लागतात. यांतील रक्तदाब व साखर यांच्या संगतीला वैद्यकसंशोधक रीव्हन यांनी १९८८ साली ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर मुठीची पकड ५ किलोंनी कमी असता मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला.

तथापि त्या मुसळाचे गोडवे गाण्यास माझी लेखणी धजत नाही, कारण ते चालविणाऱ्या हातांना पोटभर अन्न मिळेच असे नाही, आणि अर्धपोटी मातांची मुले दिसण्यात कृश तरी मेदाने भारलेली निपजतात, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखविलेच आहे. आता धान गिरणीतच जाते. लाकडी उखळ पडवीत पालथे असते, आणि लग्नघरी हळद कांडण्यापुरते सुलटे होते.