शिवसुमन : कड्यावरून काचनळीत

इसवी सन १८६५ च्या सुमारास निकोल अलेक्झांडर डालझेल या वनाधिकाऱ्याने जुन्नरनजीकच्या डोंगरांतील एका रसाळ वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध केले व मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. लोकांत ती शिंदळ माकुडी. शिवनेरीच्या कड्यावर आढळते म्हणून ‘शिवसुमन’ही. तिच्या गणगोतातील बहुतेक वनस्पती पर्णहीन असतात. हिला मात्र पावसाळ्यात पाने फुटतात व उन्हाळ्यात ती गळतात. १९५८ साली रौली यांनी तिला कॅरॅल्यूमा प्रजातीत घातले आणि पुढेही तिची नावे बदलत गेली. कड्यावरच्या झाडाला अर्थातच त्याचे सोयरसुतक नाही.

तांबूस-जांभळ्या, तारकाकृती फुलांमुळे तिला शोभेच्या वनस्पतींत स्थान मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खोडाचा तुकडा लावला तरी ही वनस्पती सहज रुजते. युरोपातील हौशी संग्राहकांनी ती कुंड्यांतून वाढविली आहे. म्हणजे कुंडीत विपुल व कड्यावर विरळ, असा हा विरोधाभास होय. रुईच्या कुळातील या वनस्पतीचे परागपुंज कीटकांनीच वाहून न्यावे लागतात. झाडे तुरळक झाली की बीजधारणाही दुरावते.

मग ऊतिसंवर्धनाची आवश्यकता ती कोणती? हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडलेली कल्पना स्कूग व मिलर यांच्या १९५७ च्या प्रयोगांनी फलद्रूप झाली : ऑक्सिन व कायटोकायनिन यांच्या प्रमाणावर मूळ फुटावे की कोंब, हे अवलंबून असते. १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांचे पोषकमाध्यम प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. श्रीरंग यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेरिया व कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जातींच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. छाटकलमास खोड तोडावे लागते; काचनळीस पर्णकक्षातील एक कलिका पुरते. मातृवृक्षास इजा न करता अनेक रोपे मिळतात, हा लाभ खराच.

तथापि एका कलिकेपासून निपजलेली सहस्र रोपे जनुकदृष्ट्या एकच व्यक्ती होत. छाटकलमाचा हा दोष काचनळीने दूर होत नाही, उलट वेगाने वाढतो. म्हणून निरनिराळ्या कड्यांवरील मातृवृक्ष निवडणे आणि प्रत्येक नळीवर तिचे मूळ स्थान नोंदणे, हे माध्यमातील संप्रेरकांच्या मात्रेइतकेच महत्त्वाचे ठरते.

धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाचे डोंगर सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणाचे. तेथील वनस्पतींची नोंद व्ही. एन. नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ या १९७९ च्या ग्रंथात आहे. या जिल्ह्यातील एखादी दुर्मीळ जाती प्रयोगशाळेत आणावयाची झाल्यास प्रारंभ त्या नोंदींपासून, आणि त्या स्थळी झाड अद्याप उभे आहे की नाही हे पाहण्यापासून करावा लागेल.