जॉबर, लेबर ऑफिसर आणि यंत्र-सहायक : सोलापूरच्या गिरण्यांच्या अनुभवातून एक विचार

कामाच्या ठिकाणी माणसामाणसांतील बोलणे सुधारावे व गटाने करावयाचे काम सुरळीत चालावे, या हेतूने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सल्ला-सहायक अलीकडे उपलब्ध झाले आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅट-जीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर या साधनांचा प्रसार विशेष वेगाने झाला. पर्यवेक्षकाने हाताखालच्या माणसास पाठवावयाचा मजकूर अशा सहायकापुढे ठेवला, तर त्यातील बोचणारे शब्द तो दाखवून देतो. अप्रिय गोष्ट कशी सांगावी याची तालीम घेतो. बैठकीचा गोषवारा काढतो, आणि बैठकीत कोण किती बोलले याचा हिशेबही मांडतो. व्यवस्थापनशास्त्रावरील लेखनात ही घटना सर्वस्वी अपूर्व म्हणून वर्णिली जाते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तिच्या तळाशी एक जुना प्रश्न दिसतो. ज्याच्यामार्फत दोन पक्षांचे बोलणे होते, तो मध्यस्थ कोणाचा असतो? सोलापूरच्या कापडगिरण्यांत हा प्रश्न सुमारे शंभर वर्षे निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला, आणि म्हणून त्या अनुभवाकडे नव्याने पाहणे उपयुक्त ठरेल.

सोलापुरातील पहिली कापडगिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ही गिरणी पुढे 'जुनी गिरणी' याच नावाने ओळखली गेली. तिच्यामागून लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू व जाम या गिरण्या आल्या, आणि दुष्काळी टापूतील एका पेठेचे रूपांतर औद्योगिक नगरात झाले. या नगराचे वैशिष्ट्य त्याच्या भाषांत आहे. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर घरी तेलुगू बोले; लिंगायत कुटुंबांची भाषा कन्नड; मोमीन विणकरांची दखनी वळणाची उर्दू; आणि भोवतालच्या तालुक्यांतून आलेल्या मराठा, महार, मांग, धनगर इत्यादि समाजांची मराठी. र. गो. काकडे यांची सोलापुरातील विणकर समाजांची पाहणी १९४७ मध्ये, आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहरावरील ग्रंथ १९६५ मध्ये, गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या कार्यातून प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासांवरून या सरमिसळीची कल्पना येते. साच्यांच्या खडखडाटात एकाच खात्यात उभ्या असलेल्या माणसांना परस्परांचे बोलणे नीट समजेलच, असे गृहीत धरता येत नव्हते. गिरणीचा मॅनेजर तर बहुधा यांपैकी एक-दोनच भाषा जाणणारा.

ही उणीव जॉबरने भरून काढली. जॉबर किंवा मुकादम हा माणसे आणणारा, त्यांना काम शिकविणारा, हजेरीवर नजर ठेवणारा आणि त्यांचे म्हणणे वर पोचविणारा एकच मनुष्य होता. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम करणाऱ्या बाईस मुंबईत नायकीण म्हणत. जॉबर कामगारांतूनच वर आलेला असल्याने त्याला त्यांची भाषा, जात, गाव व घरची अडचण सारे ठाऊक असे. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर साहेबाच्या हुकमाचे कामगारास समजेल असे रूपांतर तो करी, आणि कामगाराच्या कुरकुरीस साहेब ऐकून घेईल असे वळण देई. परंतु या सेवेचे मोल होते. नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. वर काय सांगावयाचे आणि काय गिळावयाचे, हेही तोच ठरवी. जॉबरबद्दलचीच तक्रार असेल, तर ती जावी कोणत्या वाटेने?

ज्यांचे म्हणणे या वाटेने कधीच वर जाऊ शकत नव्हते, असाही एक वर्ग होता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणखात्यात प्रवेश नसे, कारण धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे व इतरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. जॉबर याच समाजव्यवस्थेत वाढलेला, आणि संघटनेचे पुढारीही या बाबतीत फारसे उत्सुक नव्हते. खात्यातील 'सलोखा' हा अनेकदा एका गटाच्या मुकाट्यावर उभा असतो, ही गोष्ट संवादाचे शास्त्र मांडणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

सोलापुरात याहून बिकट असा एक प्रकार होता. गुन्हेगार जमाती कायद्याखाली येथे वसाहत वसविण्यात आली होती, आणि तारेच्या कुंपणाआड राहणारी तेथील माणसे गिरण्यांत कामास जात. त्यांना हजेरी गिरणीतही द्यावी लागे आणि वसाहतीतही. वसाहतीचा अधिकारी त्यांच्या नोकरीची व्यवस्था पाही, त्यांच्या अडचणी ऐके, आणि त्याच वेळी त्यांचा पहारेकरीही असे. अशा अधिकाऱ्यांपैकी कित्येक वैयक्तिकरीत्या सहृदय असतील, नव्हे असणारच. तथापि ज्याच्या हाती कुंपणाची किल्ली आहे त्याच्यापाशी मन मोकळे करणे म्हणजे काय, याचा विचार केल्यास सहृदयतेची मर्यादा लक्षात येते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

जॉबरपद्धतीवर पहिला शासकीय घाव १९३१ मध्ये पडला. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने, ज्याचे ना. म. जोशी हे एक सभासद होते, नोकरभरतीचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत व प्रत्येक मोठ्या कारखान्यात लेबर ऑफिसर नेमावा, अशी शिफारस केली. या अधिकाऱ्याच्या अंगी सचोटी, व्यक्तिमत्त्व, उत्साह, माणसे ओळखण्याची शक्ती आणि भाषांवरील प्रभुत्व हे गुण असावेत, असे आयोगाने म्हटले. भाषाप्रभुत्वाचा उल्लेख सोलापूरसारख्या शहराला किती लागू पडतो, हे सांगावयास नको. मात्र त्याच परिच्छेदात आयोगाने हेही म्हटले की, हा अधिकारी जनरल मॅनेजरखेरीज इतर कोणाच्या हाताखाली नसावा. जॉबर व खातेप्रमुख यांच्या दडपणातून त्याला सोडविणे हा त्यामागील हेतू रास्तच होता. पण परिणाम असा की, कामगाराचे ऐकून घेणारा कान सरळ मालकाच्या खोलीत उघडू लागला.

ही अडचण तत्कालीन सरकारच्याही ध्यानी आली असावी. १९३४ च्या मुंबई व्यापारी तंटे समेट कायद्याने मुंबईतील गिरणीकामगारांसाठी सरकारी लेबर ऑफिसर नेमण्यात आला. त्याचे वेतन मालकाकडून येत नव्हते आणि कामगारांचे हितरक्षण हे त्याचे कर्तव्य ठरविलेले होते. मध्यस्थास दोन्ही पक्षांपासून वेगळे काढण्याचा हा प्रयत्न होता. १९३८ च्या औद्योगिक तंटे कायद्याने समेटाची ही पद्धत सक्तीची केली, तेव्हा संपाचा हक्क हिरावला जातो म्हणून आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने व कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी एकत्र येऊन त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरास संप घडवून आणला. बोलणी करा, पण काम थांबवू नका, असा आग्रह धरणाऱ्या संवादावर कामगारांचा विश्वास बसला नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी बोलण्याची साधने वाढविली. १९४७ च्या औद्योगिक तंटे कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी वर्क्स कमिटीची तरतूद झाली. तीत दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असावेत व कामगारांची संख्या मालकपक्षाहून कमी नसावी, असे ठरले. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी आवश्यक केला. कागदावर एवढे सारे असताना जुन्या गिरणीत काय घडले ते पाहावे. २७ जुलै १९४९ रोजी संचालकांनी कामगारांना गिरणी बंद होणार असल्याची नोटीस दिली, आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद पडली. ९ जानेवारी १९५० रोजी गैरकारभार व बेकारी ही कारणे देऊन वटहुकूम निघाला व कारभार सरकारने हाती घेतला. पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. चिरंजितलाल चौधरी यांचा अर्ज १९५० मध्ये बहुमताने फेटाळला गेला. १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात तोच कायदा घटनाबाह्य ठरला. भारतीय घटनाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे दोन निकाल सुपरिचित आहेत. दोन्हींत अर्जदार भागधारक होते व तपासले गेले ते मालमत्तेचे हक्क. हजारो संसार ज्यावर अवलंबून होते, ती वार्ता कामगारांपर्यंत एका नोटिशीने आली. ती सौम्य शब्दांत लिहिली असती तर काय साधले असते? जुनी गिरणी पुढे काही वर्षे चालून १९६३ मध्ये कायमची बंद झाली.

याच सुमारास परदेशातून दोन विचार भारतीय वस्त्रोद्योगात आले, आणि आजच्या यंत्र-सहायकाचे खरे पूर्वज तेच होत. पहिला अमेरिकेतील युद्धकालीन 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा उपक्रम. पर्यवेक्षकाने खिशात बाळगावयाचे एक छोटे कार्ड त्यात असे: आधी वस्तुस्थिती समजून घ्या, तोलून निर्णय करा, कृती करा, परिणाम तपासा. कोणत्याही कारखान्यात, कोणत्याही माणसाशी वागताना हीच चार पावले. दुसरा विचार शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील समुपदेशनाचा. तेथे १९३६ पासून सुमारे वीस वर्षे कंपनीने पगारी श्रोते नेमले होते. ते कामगाराचे ऐकत, गुप्तता पाळत. पण ऐकलेल्या गोष्टीवर काही करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मन हलके होई, कारण मात्र जागच्या जागी राही. १९५६ मध्ये तो उपक्रम संपुष्टात आला.

अहमदाबादेत घडले ते याहून वेगळे. टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये कॅलिको मिलच्या स्वयंचलित साच्यांच्या खात्याचा अभ्यास केला. तेथे प्रत्येक कामगार एक लहानसे काम साऱ्या खात्यासाठी करी, आणि त्यामुळे कोणाचे कोणाशी बांधलेले नाते नसे. राइस यांनी बोलण्याच्या रीतीस हात घातला नाही. ठराविक साच्यांची सर्व जबाबदारी एका लहान गटाकडे असावी, एवढेच सुचविले. ती कल्पना कामगारांनी व पर्यवेक्षकांनी उचलून धरली आणि गट आपसांत बनविले. कामाची रचना बदलताच बोलणे आपोआप वाढले. सत्तरीच्या दशकात एरिक मिलर यांनी फेरतपासणी केली, तेव्हा एका खात्यात ती पद्धत तग धरून होती व इतरत्र बव्हंशी जुनी पद्धत परतली होती. हे अपयश आहे असे म्हणता येईल. पण सतरा वर्षे कामगारांनी एखादी पद्धत चालविली, हेही काही थोडे नव्हे.

या पार्श्वभूमीवर आजचा सहायक पाहिला तर त्याच्या ठायी आधीच्या साऱ्या मध्यस्थांचे गुण एकवटलेले दिसतात. तो दस्तुरी मागत नाही. भाषेचा प्रश्न तर त्याने बराच सोपा केला आहे. भारत सरकारच्या २०२२ मधील 'भाषिणी' उपक्रमात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या सोलापूरच्या चारही भाषा येतात. पूर्वेकडच्या पेठांतील यंत्रमागाच्या शेडमध्ये चादर किंवा टॉवेल विणणारा कामगार जी तेलुगूमिश्रित मराठी बोलतो ती यंत्रास कितपत उमगेल, हा भाग वेगळा. तरुण पर्यवेक्षकास रागाच्या भरात लिहिलेले चार शब्द पाठविण्यापूर्वी कोणी थांबविले, तर त्यात दोघांचेही हित आहे. हा लाभ क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

परंतु खर्च मालक करतो, साधन मालकाच्या संगणकावर चालते, आणि ऐकलेले सारे नोंदले जाते. जॉबरच्या स्मरणशक्तीला मर्यादा होती, लेबर ऑफिसर संध्याकाळी घरी जाई. नोंदीचा अधिकार कोणाचा, हे ठरल्यावाचून या मध्यस्थास तटस्थ म्हणता येत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यान्वये कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ताडणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय व सुरक्षाविषयक अपवाद सोडून, बंदी घातली. ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याचे सातवे कलम मात्र नोकरीविषयक प्रयोजनासाठी संमतीवाचून माहिती वापरण्यास वाव देते.

वर्क्स कमिटीची तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही राखली गेली आहे. मात्र अशी कमिटी कामगार संघटनेची जागा घेऊ शकत नाही व तिने मान्य केलेली पुनर्रचना कामगारांवर बंधनकारक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीच्या १९६० मधील निकालात सांगून ठेवले आहे. सेवाशर्ती बदलण्यापूर्वी मालकाने नोटीस द्यावी, असा नियमही जुन्या कायद्यातून संहितेत उतरला. ज्या बाबींसाठी ही नोटीस लागते त्यांच्या यादीत तंत्रातील सुधारणेचा समावेश आहे. पण ती सुधारणा कामगारकपातीस कारण होण्याचा संभव असेल तरच. कोण किती व कशा स्वरात बोलले याची मोजदाद ठेवणारे यंत्र कोणाची नोकरी घेत नाही, आणि म्हणून त्या यादीतील शब्दांनुसार त्याच्यासाठी वेगळी नोटीस लागत नाही.