पूल झाला, नावाडी कुठे गेला?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. मी विद्वान नव्हे. कामगार संघटनेत आयुष्य गेले; शाळेत थोडे शिकलो आणि नगर वाचनालयात बरेचसे. तेव्हा इतिहासाच्या पंडिताकडून जे ऐकायचे ते माझ्याकडून अपेक्षू नका. मजुरीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने इतिहास वाचला की त्याच्या नजरेला काय पडते, एवढेच मी सांगणार आहे.

कृष्णाकाठच्या एका लहानशा गावी माझे आजोबा तर चालवीत. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढे उरे. मग त्यांना कोण विचारतो? माणसे धोतर खोचून उतारातून पलीकडे जात. मृगाचा पाऊस लागला की मात्र गावाला त्यांची आठवण होई. आषाढ-श्रावणात नदी तांबडी होऊन काठ सोडी, तेव्हा अडलेली बाळंतीण, पोस्टाची थैली, बाजारचे ओझे, सारे त्यांच्या हातावर पैलतीराला जाई. नाव दुरुस्तीला काढलेली असली तर गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून ते एकेकाला उतरवीत. पाण्याचा रंग आणि वाहून येणारा काडीकचरा पाहून वरच्या अंगाला पाऊस किती झाला हे ते सांगत. सुगीत घरटी थोडे जोंधळे मिळत, तीच त्यांची मजुरी.

पुढे नदीवर पूल झाला. मी तेव्हा शाळेत होतो. उद्घाटनाला सारा गाव लोटला; आजोबाही गेले होते. दुसऱ्या दिवसापासून नाव चिंचेखाली पालथी पडली ती पडलीच. पूल वाईट होता असे मी कसे म्हणू? त्याच पुलावरून मी पुढच्या शाळेला गेलो. पण तुझे आता कसे चालणार, असे त्या म्हाताऱ्याला कुणी विचारले नाही. आणि तुला ठाऊक असलेली नदी कुणाला तरी शिकवून जा, असेही कुणी म्हटले नाही.

हा प्रश्न माझ्या मनात कित्येक वर्षे नुसता पडून होता. मग एकदा कामगारांच्या अभ्यासवर्गासाठी १८८९ च्या लंडन गोदी संपाची माहिती काढीत होतो. त्या संपात गोदी कामगारांच्या बरोबरीने थेम्स नदीवरचे पडाववाले दिसले. हे कोण, म्हणून मागे मागे वाचीत गेलो तो थेट सोळाव्या शतकात पोचलो. आजोबांचाच धंदा, आजोबांचाच प्रश्न, पण साडेचारशे वर्षांच्या कागदपत्रांत लिहून ठेवलेला! आज बोलायचे आहे ते या थेम्सच्या नावाड्यांविषयी.

आधी ती नदी डोळ्यांपुढे आणा. समुद्राच्या भरतीचे पाणी थेम्समधून लंडन ओलांडून वर चढते आणि ओहोटीबरोबर उतरते. असे दिवसातून दोनदा. मूळ शहराच्या भागात १७५० पर्यंत पूल एकच होता. तो १२०९ मध्ये पुरा झालेला, एकोणीस खांबांचा, आणि वर दाटीने घरे बांधलेली. रस्ते अरुंद नि चिखलाचे. तेव्हा शहरात कुठेही जायचे तर नदी हाच राजरस्ता होता. काठच्या दगडी पायऱ्यांवर नावाडी उभे राहून उतारूंना हाका मारीत. दोघांनी वल्हवायची नाव वेगळी, एकट्याने वल्हवायची वेगळी, आणि भाडेही वेगळे. जुन्या पुलाच्या खांबांभोवती रुंद ओटे होते. त्यामुळे कमानींतून पाणी धबधब्यासारखे कोसळे. शहाणा उतारू पुलाअलीकडे उतरून पलीकडे पायी जाई आणि पुन्हा नावेत बसे. नावाड्याला मात्र नाव घेऊन त्या कमानीखालून जावेच लागे.

या धंद्याला कायद्याने बांधले ते १५१४ मध्ये. त्या वर्षी पार्लमेंटने भाडे ठरवून दिले. १५५५ चा कायदा अधिक महत्त्वाचा. अडाणी, न शिकलेले लोक नावा चालवतात आणि माणसे बुडतात, अशी तक्रार त्याच्या आरंभीच नोंदलेली आहे. म्हणून नावाड्यांवर देखरेखीसाठी आठ कारभारी नेमले गेले, उमेदवारीची अट आली, नाव किमान साडेबावीस फूट लांब आणि मध्यभागी साडेचार फूट रुंद असावी असे ठरले. १६०३ मध्ये उमेदवारीची मुदत सात वर्षे झाली. सात वर्षे! आजही एवढ्या मुदतीत माणूस डॉक्टर होतो. नदी ओळखायला तेवढाच काळ लागतो, हे त्या लोकांनी कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवले.

पण या कायद्याला दुसरी बाजूही होती. कारभारी नावाड्यांनी निवडायचे नव्हते. ते नगराचे मेयर आणि आल्डरमन नेमीत. शिवाय युद्धाच्या वेळी नावाड्यांना जबरीने आरमारात भरती करीत. भरतीच्या वेळी जो लपून बसेल त्याला दोन आठवडे कैद आणि पुढे वर्षभर नदीवर बंदी, असे कलम त्याच कायद्यात आहे. म्हणजे संरक्षण आणि वेठ एकाच कागदावर. १६४१-४२ मध्ये, इंग्लंडात राजा नि पार्लमेंट यांचा झगडा पेटला असता, साधे नावाडीही उठले आणि आपल्या संस्थेच्या कारभारात आपले प्रतिनिधी हवेत अशी मागणी करू लागले. संघटनेतल्या माणसाला हे वाचून केवढे बरे वाटते, ते मी काय सांगू!

आता या माणसांचे वर्ष कसे जाई ते पाहू. उन्हाळा हा कमाईचा काळ. शेक्सपिअरची नाटके होत ते ग्लोब नाट्यगृह नदीच्या दक्षिण काठी होते आणि प्रेक्षक बहुतेक उत्तरेचे. त्यांची ने-आण करण्यावर कित्येक चुली पेटत. २९ जून १६१३ रोजी ग्लोब जळाले. नटमंडळी उत्तरेकडे खेळ करू लागली, तसे नावाड्यांनी सरळ राजाकडे अर्ज केला, की त्या काठी शहरापासून चार मैलांच्या आत नाटके होऊ देऊ नयेत. अर्ज निष्फळ ठरला. मागणी हसण्यासारखी वाटेल, पण पोटाचा धागा कुठे अडकला आहे हे त्यांनी नेमके ओळखले होते.

हा अर्ज घेऊन जाणारा जॉन टेलर हा स्वतः नावाडी. आरमारात वेठीला गेलेला, फारसे न शिकलेला. तरी त्याने पद्य आणि गद्य इतके लिहिले की १६३० मध्ये त्याच्या लेखनाचा जाडजूड संग्रह निघाला आणि लोक त्याला पाण्यावरचा कवी म्हणू लागले. एकदा त्याने कागदाची नाव करून, काठ्यांना सुके मासे बांधून त्यांची वल्ही केली आणि थेम्समधून तीत प्रवास केला. भाड्याच्या घोडागाड्या वाढल्या तेव्हा १६२३ मध्ये त्याने त्यांच्याविरुद्ध पुस्तिका काढली. पुढे तो राजाच्या पक्षाला राहिला, तो त्याचा मार्ग. पण वल्हे मारणाऱ्या हाताने लेखणी धरली म्हणून त्या धंद्याची सुखदुःखे आपल्यापर्यंत पोचली. आमच्या तरीवाल्यांत असा कुणी निघाला नाही. निघाला असला तर त्याचे कुणी छापले नाही.

उन्हाळ्यातच, १ ऑगस्टला, १७१५ पासून एक शर्यत सुरू झाली. टॉमस डॉगेट नावाच्या नटाने नुकतीच उमेदवारी संपवलेल्या सहा तरुण नावाड्यांसाठी ती ठेवली. लंडन पुलापासून चेल्सीपर्यंत वल्हवायचे. जिंकणाऱ्याला लाल अंगरखा नि दंडावर चांदीचा मोठा बिल्ला. ही शर्यत अजून होते. पावसाळी, धुकट दिवस आले की उतारू कमी होत. शरदाच्या अखेरीस मेयरची मिरवणूक नदीतून निघे, ती शेवटची मोठी कमाई.

मग हिवाळा. जुन्या पुलाच्या खांबांनी पाणी अडून संथ होई, आणि फार कडक थंडी पडली की नदी गोठे. नावाड्याचा रस्ताच बंद! १६८३-८४ चा हिवाळा असा होता. लोकांनी बर्फावर दुकानांची रांग मांडली, छापखाना थाटला, सारी जत्रा भरली. नावाड्यांनी काय केले? काठालगतचा बर्फ फोडला, त्यावर फळ्या टाकल्या आणि नदीवर उतरणाऱ्याकडून पैसे घेतले. काहींनी नावांना चाके लावून त्या बर्फावरून ओढल्या. पाणी दगड झाले तरी नदी आमची आहे, हे त्यांनी सोडले नाही. अशी शेवटची जत्रा फेब्रुवारी १८१४ मध्ये भरली. १८३१ मध्ये नवा पूल आला, जुना पाडला, प्रवाह मोकळा झाला आणि शहरात नदी तशी गोठेनाशी झाली.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. वेस्टमिन्स्टरचा पूल १७५० मध्ये खुला झाला. नावाड्यांनी त्याला कसून विरोध केला होता. पूल झाला तो झालाच. पण नुकसान होणार हे मान्य करून भरपाई देण्यात आली. तेथल्या गाड्या-घोडे उतरवणाऱ्या तरीचा हक्क कँटरबरीच्या आर्चबिशपांचा होता. त्यांना पैसे मिळाले. नावाड्यांच्या संस्थेलाही मिळाले, ते रविवारच्या तरीच्या बदल्यात. रविवारी सर्वांनी नावा चालवायच्या नसत. संस्था मोजक्या तरी चालवी आणि ते उत्पन्न थकलेल्या नावाड्यांना नि विधवांना जाई. १७६९ मध्ये ब्लॅकफ्रायर्सचा पूल झाला तेव्हाही तसेच घडले.

यावर भाबडेपणाने टाळ्या वाजवू नका. भरपाई मालकीहक्काला मिळाली, संस्थेच्या पेटीला मिळाली. पायरीवर उभ्या असलेल्या त्या एकट्या नावाड्याच्या हातात आली नाही. पुढे १८१६ ते १८१९ या चार वर्षांत व्हॉक्सहॉल, वॉटर्लू आणि सदर्क असे तीन पूल झाले, आगबोटी आल्या, १८३६ मध्ये रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री मेह्यू या वृत्तपत्रकाराने लंडनच्या गरिबांच्या मुलाखती लिहून काढल्या. त्यांत थेम्सचे नावाडी दिसतात ते हलाखीतले. तरीही एक गोष्ट राहते. दोनशे वर्षांच्या संघटनेमुळे त्यांचे नुकसान निदान सरकारी कागदावर उमटले. माझ्या आजोबांचे कुठल्याही कागदावर नाही.

माल वाहणारे पडाववाले टिकले, कारण गोद्यांत त्यांची गरज होती. ऑगस्ट १८८९ मध्ये तासाला सहा पेन्स मजुरीसाठी गोदी कामगार उठले. जॉन बर्न्स, टॉम मान, बेन टिलेट हे पुढारी. पडाववाले त्यांना मिळाले, नदीवरचा माल अडला आणि पाच आठवड्यांत सहा पेन्स मान्य झाले. जुन्या, अभिमानी धंद्याचे कारागीर रोजंदारीच्या हमालांशेजारी उभे राहिले, हे त्या विजयाचे एक मर्म होते. पुढे मोठ्या बंदिस्त पेट्यांतून माल येऊ लागला आणि १९८१ पर्यंत शहरातल्या त्या जुन्या गोद्या बंद पडल्या. पण नावाड्यांची संस्था आजही आहे, आणि ती आजही उमेदवार शिकवते. नदी ओळखणारी माणसे त्या शहराने मोडीत काढली नाहीत.

आणि आपण? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे माणसांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली आणि कित्येक जीव गेले. त्या दिवशी काय चुकले याचा निवाडा मी येथे करीत नाही. जे लोक नाव घेऊन निघाले ते इतरांना वाचवायलाच निघाले होते. पण ती बातमी ऐकली तेव्हा मला चिंचेखाली पालथी पडलेली नाव आठवली. नावेत किती माणसे घ्यावीत, भोवरा कुठे असतो, पाणी कोणत्या बाजूला ओढते, हे ज्या हातांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते, ते हात आपण गावोगाव रिकामे केले. पूर काही पुलाला विचारून येत नाही. पूल पाण्याखाली गेला की पुन्हा नावाडीच लागतो.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. पूल बांधा, जरूर बांधा. पण पूल बांधताना सिमेंट-लोखंडाच्या हिशेबात एक रकाना नावाड्याचाही असू द्या. त्याला भरपाई द्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला काम द्या. नदीकाठच्या मोठ्या गावात एक सुस्थितीतली नाव आणि ती चालवणारी, बारमाही पगार घेणारी दोन-चार शिकलेली माणसे असावीत. जे जुने तरीवाले हयात आहेत त्यांच्याकडे उन्हाळ्यात तरुण पोरे पाठवा. लोक बुडतात म्हणून शिक्षण सक्तीचे करावे, हा विचार १५५५ मध्ये सुचू शकतो, तर तो आज आपल्याला सुचायला हरकत नसावी.

आजोबा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांनी मला नाव चालवायला शिकवले नाही, कारण पूल झाला होता आणि मला शाळेला जायचे होते. ते त्यांनी माझ्या भल्यासाठीच केले. पण यंदा जूनमध्ये ढग भरून आले की घाटावर जाऊन एक प्रश्न तुम्ही स्वतःला जरूर विचारा: आज रात्री पाणी चढले, तर आपल्या गावात वल्हे कोणाच्या हातात द्यायचे?